जावयाला जाळीत गाठलं

आधीच सांगून टाकते: मी सूड घेतला. रीतसर घेतला, पंचाच्या शिट्टीवर, तीन-तीन मिनिटांच्या तीन डावांत, अख्ख्या सासरच्या डोळ्यांदेखत. आठवणी लिहायला बसलेली माणसं बहुधा सगळ्यांना माफ करत सुटतात. मला ते जमणार नाही. द्वारका चौकात गाडी अडकली की माणसाला उभ्या आयुष्याचा विचार करायला वेळ मिळतो; तिथेसुद्धा माफीचा विचार माझ्या मनात कधी आलेला नाही.

ज्याच्यावर सूड घेतला तो माझ्या नणंदेचा नवरा, म्हणजे आमच्या घरचा जावई. हे नातं नीट समजून घ्या, कारण सगळी अडचण तिथेच आहे. आमच्या सासरी जावयाला बोलत नाहीत. जावई जेवायला बसला की माशीनेसुद्धा परवानगी काढून बसावं, अशी शिस्त. माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांना 'जरा सरका' म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. त्यांना जागेवरून हलवायची वेळ आली तर आमचे लोक सोफा सरकवतात. मी त्यांना जावईबापू म्हणते. ते मला वहिनी म्हणायचे. पुढे काय म्हणायला लागले ते येतंच आहे.

जावईबापूंचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. नाशकातलं असं एक लॉन नाही जिथे त्यांनी नवरीला झाडाआडून डोकावायला लावलेलं नाही. काही वर्षांपूर्वी त्यांनी ड्रोन घेतला आणि तेव्हापासून ते जमिनीवर चालेनासे झाले. ड्रोन म्हणजे काय, हे ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. चार हात फाकवून पसरलेला एक मोठा किडा. प्रत्येक हातावर एक पंखा. दोन पंखे उजवीकडून फिरतात, दोन डावीकडून. चौघेही एकाच बाजूने फिरले तर किडा स्वतःभोवतीच गरगरत बसेल. पोटाखाली कॅमेरा. आवाज असा, की हजार मधमाश्यांचं भाऊबंदकीवरून भांडण लागलंय. आणि त्याची एक सवय लक्षात ठेवा: बॅटरी संपत आली की तो कोणाचं ऐकत नाही, आपला आपण खाली उतरतो. खाली काय आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

त्या दिवशी खाली मी होते.

माझ्या पुतणीचा साखरपुडा. गंगापूर रोडचं लॉन, चारशे माणूस. मी माहेरची येवल्याची, त्यामुळे अंगावर पैठणी, आणि डोक्यावर अंबाडा. माझे केस तेव्हा गुडघ्यापर्यंत होते. बरं, कमरेपर्यंत. पण अंबाडा घातला की गुडघ्यापर्यंत असतील असंच वाटायचं. त्यावर चार पदरी मोगऱ्याचा गजरा. पुतणी अंगठी घालत होती, मी तिच्या मागे उभी राहून डोळे पुसत होते, आणि जावईबापूंचा किडा आमच्यावर घिरट्या घालत होता. त्याची बॅटरी संपत आल्याची शिट्टी वाजत होती. त्यांना ती ऐकू येत होती, हे त्यांनी नंतर स्वतःच हसत हसत सांगितलं. पण शॉट चांगला मिळत होता.

किडा उतरला तो थेट अंबाड्यात. मोगऱ्याच्या कळ्या अशा उडाल्या की शेवटच्या रांगेतल्या लोकांना वाटलं, साखरपुड्यातच लग्न लागलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी धावले. डोक्यावर घोंगावणारा किडा घेऊन माणूस कुठे धावेल? जिथे जागा असेल तिथे. जागा मठ्ठ्याच्या पिंपाकडे होती. पिंप आडवं झालं, मी पिंपावर आडवी झाले, आणि लॉनवर मठ्ठ्याचा असा पूर आला की गोदावरीच्या घाटावर सावधानतेचा इशारा द्यावा लागला असेल.

इथपर्यंत हसा. मीही हसले असते. पण मी ओरडत होते, केस मुळापासून उपटले जात होते, आणि हा माणूस दहा पावलांवर उभा राहून दुसऱ्या कॅमेऱ्याने माझं शूटिंग करत होता. मदतीला आला तो केटरर. त्याने दुधाच्या पिशव्या कापायची कात्री आणली आणि गुंडाळलेले केस मानेपाशी कापून मला सोडवलं. माझी आई जाईपर्यंत दर रविवारी ज्या केसांना तेल लावत होती, ते केस. जावईबापूंनी किडा हातात घेतला, फुंकर मारली, पंख्यात अडकलेल्या बटा ओढून काढल्या आणि म्हणाले, "थँक गॉड, काही तुटलं नाही."

महिन्याभराने पुतणीच्या लग्नात, मोठ्या पडद्यावर, नवरानवरीच्या फोटोंच्या मधोमध माझी फिल्म लागली. हेलिकॉप्टरचा आवाज घातलेला. माझ्या डोक्याभोवती पांढरं वर्तुळ, आत इंग्रजी एच. खाली अक्षरं: 'हेलिपॅड वहिनी'. मांडव फाटेस्तोवर हसला. माझा नवरासुद्धा हसला. मग माझ्याकडे बघून खोकला.

पुढे ती फिल्म मोबाइलवरून जी फिरली ती थांबेचना. भाजीवाली विचारायची, "ताई, आज लँडिंग नाय का?" बँकेत चेक भरायला गेले तर कॅशियर खिडकीतून वाकून माझ्या डोक्याकडे बघायचा. नामपूरच्या कांदा मार्केटात माझा मावसभाऊ अडत्याकडे बसला होता, तर तिथल्या हमालाने त्याला मोबाइल दाखवून विचारलं, "आप्पा, ही तुमनीच बहीण शे ना?" साठ मैलांवर, कांद्याच्या ढिगावर बसून, अनोळखी माणूस मला ओळखत होता! आणि मी काही बोलायची सोय नव्हती. जावई ना.

मग धोंड्याचा महिना आला.

अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून, पाटावर बसवून, अनारसे आणि पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ही आमच्याकडची पद्धत. अनारसे मी करते. त्या दिवशी मी तळत होते आणि तेलात स्वतःचा राग सोडत होते, त्यामुळे ते इतके जाळीदार झाले होते की पलीकडचं दिसत होतं. वाढायला वाकले, तर जावईबापू म्हणाले, "या, या! हेलिपॅडवरून डायरेक्ट माल आला!"

पंगत हसली. सासूबाई पदराआड हसल्या. मी अनारसा पानात ठेवला.

जावईबापू त्या दिवशी भरात होते. अंबडच्या एमआयडीसीत एक रिकामी शेड भाड्याने घेऊन त्यांनी ड्रोन सॉकरचा क्लब काढला होता, आणि जेवताना त्याचंच पुराण चाललं होतं. मी वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं. खेळ असा: शेडमध्ये चारी बाजूंनी आणि वरून जाळी लावलेली, म्हणजे एक मोठा पिंजरा. दोन्ही टोकांना, दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहतील एवढ्या उंचीवर, एकेक जाड कडं टांगलेलं, तो गोल. फुटबॉलमध्ये बावीस लोक एका चेंडूमागे धावतात. इथे चेंडूच धावतात. प्रत्येक ड्रोन प्लॅस्टिकच्या गोल पिंजऱ्यात बसवलेला असतो, म्हणजे कितीही धडका दिल्या तरी पंखे शाबूत राहतात. एका बाजूला पाच चेंडू, लाल दिव्यांचे. दुसऱ्या बाजूला पाच, निळ्या दिव्यांचे. खेळाडू जाळीबाहेर रिमोट घेऊन उभे. पाचांतला एकच गोल करू शकतो. त्याच्या चेंडूला ओळखायला फीत बांधतात. तो समोरच्या कड्यातून आरपार गेला की गोल. गोल केला की आधी आपल्या अर्ध्यात परत यायचं, मग पुन्हा जायचं. बाकीचे चौघे वाट अडवतात, नाहीतर धडका मारून वाट मोकळी करतात. तीन मिनिटांचा एक डाव, तीन डाव, दोन जिंकणारा जिंकला.

"धडका मारलेल्या चालतात?" मी विचारलं.

"तोच तर खेळ आहे, वहिनी."

"कोणालाही? म्हणजे... मानाच्या माणसालाही?"

"जाळीच्या आत कसला मान?" जावईबापू अनारसा मोडत म्हणाले.

मी त्यांना आणखी दोन अनारसे वाढले. आनंदाने. सत्तावीस वर्षांत या घरात कोणालाही न सापडलेली जागा मला सापडली होती.

तिथेच, सगळ्यांसमोर, मी पैज लावली. माझी पाच माणसं विरुद्ध त्यांची पाच. मी जिंकले तर ती फिल्म त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर पुसायची. बाजारात फिरली ती फिरली, पण त्यांच्याकडे आणि घरच्यांकडे जिथे जिथे असेल तिथून. जावईबापू इतके हसले की त्यांच्या नाकातून खसखस आली.

"आणि हरलात तर?"

"तुम्ही म्हणाल ते."

"तर क्लबच्या उद्घाटनाचा फ्लेक्स. त्रिमूर्ती चौकात, वीस फुटी. तुमचाच फोटो, डोक्यावर ड्रोन, हातात गजरा. खाली लिहू, 'आमचं प्रेरणास्थान'."

आमचे हे म्हणाले, "आता पुरे." पण ते मला म्हणाले, त्यांना नाही.

आता माणसं कुठून आणायची? नाशकात माझ्या ओळखीच्या बायकांना भिशी येते, ड्रोन येत नाही. पण माझं माहेर येवला, हे मी मघाशी सांगितलं. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस कोणी जमिनीवर नसतं. गच्चीवर जन्मलेली माणसं आम्ही. मांजा गुंडाळायच्या लाकडी फिरकीला आम्ही आसारी म्हणतो, आणि माझा धाकटा भाऊ त्या आसाऱ्याच बनवतो. मी स्वतः लग्नाआधी एका दुपारी एकशेअकरा पतंग कापले होते. भाऊ म्हणतो अकरा. त्याला त्या दिवशी ताप होता, त्याचं काय ऐकायचं.

भावाला फोन केला. "अक्का, नुसतं सांग, कुठे यायचं," तो म्हणाला, आणि त्याचे तीन पतंगमित्र घेऊन आला: एक पैठणी विणणारा, एक मुरमुऱ्यांचा भत्ता विकणारा, एक रिक्षावाला. चौघांच्या बोटांवर मांज्याचे जुने वण होते. माझ्याही आहेत.

शिकवायला मिळाली कळवणची एक मुलगी. पंचविशीची, उन्हाने रापलेली. सकाळी ड्रोनने द्राक्षबागांवर फवारणी करायची आणि संध्याकाळी आमच्या कॉलनीजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये मुलांना ड्रोन सॉकर शिकवायची. मुलं घरी गेली की तासभर ती आमच्या हाती चेंडू द्यायची. माझी फिल्म तिनेही पाहिली होती. ती हसली नाही. म्हणाली, "बॅटरी वाजत असताना माणसांच्या डोक्यावर ठेवला? असल्या माणसाच्या हातात मी फवारणीचा पंपबी देणार नाय." तिथेच मी तिला गुरू केलं.

पहिल्या दिवशी तिने सांगितलं, डावा अंगठा वर केला की चेंडू चढतो, उजव्याने पुढे-मागे-बाजूला जातो. चेंडू उडवला, आणि आम्ही पाचही जण झपझप उलटे चालायला लागलो. पतंग चढला की मागे सरायचं, हे आमच्या पायांना आईच्या पोटातून ठाऊक. मागे खुर्च्यांची रास होती. पाचही जण खुर्च्यांवर, खुर्च्या आमच्यावर, आणि चेंडू छताला.

"काका, मागं कुठं चालले? त्याला दोरा नाय!" मुलगी ओरडली.

"दोरा नाही कळतंय गं," भाऊ खुर्चीखालून म्हणाला, "पण पायांना कोण सांगणार?"

विणकर तर बंद हॉलमध्ये बोट ओलं करून वारा बघायचा. भत्तेवाला रिमोटला हिसके द्यायचा. रिक्षावाल्याने एक चेंडू असा खेचला की स्वतःच्याच कपाळावर घेतला. पण आठवड्याभराने पाय थांबले, आणि मग हातांनी काम दाखवलं. कारण हवेतल्या वस्तूला समोरच्याच्या वर कसं न्यायचं, कधी सोडायचं आणि कधी आवळायचं, हे जावईबापूंच्या शूटिंगवाल्या पोरांना कोणी शिकवलं नव्हतं. मुलगी एकदा म्हणाली, "एकाच्या डोक्यावर दुसरा राहिला ना, तर वरच्याच्या वाऱ्यानं खालचा दबतो. त्याला चढताच येत नाय." भावाचे डोळे चकाकले. म्हणाला, "म्हणजे तेच की! वर जो, त्याची बाजी."

सामन्याला रविवार सकाळ ठरली. शेडमध्ये सगळं सासर जमलं होतं. सासूबाईंना पंख्याखाली खुर्ची. नणंदबाई, म्हणजे माझ्या वन्सं, मोठी पर्स मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत. जावईबापूंची पोरं एकसारख्या काळ्या टीशर्टात, आणि फीतवाला चेंडू स्वतः जावईबापूंकडे. आमच्याकडची फीत माझ्याकडे. पंच बाहेरून आणलेला, एक कॉलेजातला मास्तर. दोन्ही बाजूंना अनोळखी.

शिट्टी झाली. दहा चेंडू उठले. असा गोंगाट, की अंबडमधल्या सगळ्या कारखान्यांना वाटलं असेल, आपली पाळी सुरू झाली. मी दोन गोल केले. कसे केले ते मला आजही माहीत नाही, पण केले. जावईबापूंचं हसू जरा आवळलं. तेवढ्यात भत्तेवाल्याने समोरच्या एका चेंडूला जाळीवर असा दाबला की तो फडफडून खाली पडला.

आणि इथे आम्ही ती चूक केली, जी जगात फक्त येवल्याचाच माणूस करील. समोरचा खाली पडला की आमच्यासाठी लढाई संपलेली असते. पतंग कापला की आसारी टाकायची, हात वर करायचे, नाचायचं. पुढच्या गच्चीला ऐकू जाईपर्यंत. तर आम्ही रिमोट टेबलावर ठेवले. पाचही जणांनी. "कापलीऽ रे कापलीऽ!" भाऊ गिरक्या घ्यायला लागला. रिक्षावाल्याने विणकराला उचललं. मी, वय वर्षं पन्नास, दोन्ही हात वर करून उड्या मारत होते.

आमचे पाचही चेंडू जमिनीवर बसून होते, आणि समोरून जावईबापू आमच्या कड्यातून येत होते, जात होते, येत होते, जात होते, जशी कोणाच्या तरी शेताची नांगरणी चालली आहे.

"अहो, खेळ चालू आहे!" पंच ओरडला.

आम्ही भानावर आलो तेव्हा दोनाला नऊ होतं. शेड हसून हसून वाकली होती. जावईबापू प्रेक्षकांकडे वळले, दोन्ही हात वर केले, आणि माझी नक्कल करत उड्या मारल्या. "फ्लेक्सला नवीन फोटो मिळाला!" ते म्हणाले.

मधल्या पाच मिनिटांत पिंजरे दुरुस्त करायचे, बॅटऱ्या बदलायच्या. मुलगी दातओठ खात बॅटऱ्या बसवत होती. भावाची मान खाली. "अक्का, माझंच चुकलं. आता हाताला कुलूप लावतो, नाच नाही."

मी मात्र जावईबापूंकडे बघत होते. ते अजून नक्कल करत होते. त्यांची पोरंही. एकेकाच्या तोंडावर लिहिलं होतं: ही माणसं अशीच आहेत, एक चेंडू पाडला की यांना वेड लागतं. आणि मला त्या क्षणी जे सुचलं, ते सुचल्याबद्दल मी स्वतःच्या पाया पडायला तयार आहे.

"नाचायचं," मी म्हटलं.

"काय?"

"या डावात नाही. पुढच्या डावात, मी सांगेन तेव्हा. पण अंगठे रिमोटवरून उचलायचे नाहीत."

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. मग येवल्याची माणसं पेच लावायच्या आधी गच्चीवर हसतात तसं, आवाज न करता हसले.

दुसरा डाव आम्ही काळजीपूर्वक खेळलो. भाऊ जावईबापूंच्या डोक्यावर बसला. म्हणजे त्याचा चेंडू त्यांच्या चेंडूवर. ते डावीकडे गेले की हा डावीकडे, ते उजवीकडे की हा उजवीकडे, आणि वरून वारा. बिचारे चढायला बघायचे आणि बसकण मारायचे. "अहो, हा काय प्रकार आहे? पंच!" त्यांनी हाक मारली. पंच म्हणाला, "नियमात बसतं, खेळा." एखाद्याच्या डोक्यावर काहीतरी घोंगावत बसलं की कसं वाटतं, हे त्यांना तीन मिनिटं कळलं. मला विचाराल तर तीन मिनिटं फार कमी आहेत. तो डाव आम्ही तीनाला दोनने घेतला.

तिसरा डाव. आता शेडमध्ये कोणी हसत नव्हतं. सासूबाई खुर्चीच्या टोकाला आल्या होत्या. जावईबापूंनी शहाणपण केलं, त्यांचे चारही राखणदार कड्यापुढे भिंतीसारखे उभे केले आणि स्वतः वाट बघत राहिले. दोन मिनिटं मी त्या भिंतीवर डोकं आपटलं. त्यांचा एक झाला, माझा एक झाला. माझ्या चेंडूचा पिंजरा एका बाजूने तुटला आणि तो लंगड्या म्हशीसारखा चालायला लागला. अंगठ्यांना घाम. त्रिमूर्ती चौकातला वीस फुटी फ्लेक्स मला स्पष्ट दिसत होता. अगदी खालच्या कोपऱ्यातल्या शुभेच्छुकांच्या नावांसकट.

अर्धं मिनिट उरलं असताना भत्तेवाल्याने त्यांच्या भिंतीतला एक चेंडू धडकेने खाली आणला.

"आता," मी म्हटलं.

"कापलीऽ रे कापलीऽ!" भावाने अशी आरोळी ठोकली की पत्रे थरथरले. रिक्षावाला उड्या मारायला लागला, विणकराने गिरकी घेतली, भत्तेवाला तर रडायला लागला. ते नाटक नव्हतं, त्याचा स्वभावच तसा. चौघांचेही चेंडू डगमगत आमच्या अर्ध्यात मागे सरत खाली यायला लागले.

"गेले! परत गेले येडे!" जावईबापू ओरडले. "सगळे पुढे! सगळे पुढे या, मला वाट करून द्या!"

भिंत सुटली. उरलेले तिघे राखणदार आमच्या कड्याकडे झेपावले, मागून जावईबापू. पण आम्ही कमरेखाली येवल्याचे होतो आणि कमरेवर फवारणीवाल्या मुलीचे विद्यार्थी. पाय नाचत होते, अंगठे नाचत नव्हते. जमिनीपासून हातभर उंचीवरून आमचे चार चेंडू एकदम उठले आणि आमच्या कड्याच्या तोंडात बूच बसावं तसे बसले. जावईबापूंनी धडक दिली. तीन वेळा परत उडाले.

आणि समोरचं कडं रिकामं होतं. इतकं रिकामं की त्यातून पलीकडची जाळी दिसत होती. माझी लंगडी म्हैस त्यातून गेली. अर्ध्यात परत आली. पुन्हा गेली. दुसऱ्यांदा जाताना मी कड्यात जरा थांबले. गरज नव्हती. पण थांबले.

शिट्टी. तीनाला एक.

भावाने मला उचललं, मग पाठ धरून खाली ठेवलं. मुलगी धावत आली आणि मला मिठी मारायच्या आधी तिने सगळ्या बॅटऱ्या काढून घेतल्या. तिच्या कामाची तीच पद्धत. सासूबाई काय म्हणतील याची मला धास्ती होती. त्या जावयाकडे बघून एवढंच म्हणाल्या, "जाळीत मान नसतो म्हणालात ना."

जावईबापू मोठ्या मनाचा आव आणत पुढे आले. "वहिनी, मानलं. करून टाकतो डिलीट, घरी गेल्यावर."

"इथे," मी म्हटलं. "आता."

त्यांनी मोबाइल काढला आणि पुसलं. "हं, झालं."

"लॅपटॉप?"

"तो गाडीत आहे."

"रिक्षावाले दादा, जरा यांच्याबरोबर गाडीपर्यंत जा."

लॅपटॉप आला. पुसलं. मग टॅबलेट. मग घरच्या ग्रुपवर टाकलेली. ती पुसायची मुदत संपली होती म्हणे. मी म्हटलं, हरकत नाही, फोन लावा. एकेकाला. स्पीकरवर. स्वतः सांगा, फिल्म काढून टाका आणि का ते. पहिला फोन घोटीच्या आत्यासासूबाईंना लागला.

"कोन? जावई का?"

"हो आत्या. ते... वहिनींचा व्हिडिओ तुमच्या मोबाइलमध्ये असेल, तो काढून टाका."

"का रं बाबा? लय चांगला हाय की तो."

"मी हरलो, आत्या."

"आँ? मोठ्यानं बोल. कोनाला हरला?"

"वहिनींना हरलो!"

मग आत्या घरातल्या सगळ्यांना बोलवायला लागल्या. "अगं ए, इकडं या गं, जावई काय म्हनतोय ऐका! हं, परत सांग."

त्यांनी परत सांगितलं. अकरा फोन झाले. सातव्या फोनपासून त्यांचा आवाज घोगरा झाला आणि त्यांच्या पोरांनी एकेक करून निरोप घेतला. कोणीतरी म्हणालं, आता जाऊ द्या ना. आमचे हे म्हणाले, "अगं, जावई आहेत." मी म्हटलं, "जाळीच्या आत उभे आहेत," आणि ते खरंच होते, लाज वाटून जाळीच्या आतल्या बाजूला जाऊन उभे राहिले होते.

अकरावा फोन ठेवून जावईबापूंनी रुमालाने मान पुसली. "संपलं. आता घरात कोणाकडेही नाही."

"अहो," माझ्या वन्सं पहिल्या रांगेतून हळूच म्हणाल्या, "आणि ती काळी हार्ड डिस्क? कपाटातली?"

जावईबापूंनी बायकोकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत आहेत. "ती घरी आहे."

वन्संनी पर्स उघडली आणि डिस्क बाहेर काढली. वायरसकट. "म्हटलं लागेल," त्या म्हणाल्या, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या.

जावईबापूंनी वायर जोडली. त्या डिस्कमध्ये दहा वर्षांची लग्नं होती आणि फायलींना नावं नव्हती, नुसते आकडे. एकेक उघडून बघावी लागणार होती. मी सकाळी निघताना डबा भरून आणला होता, मेथीचे पराठे आणि लिंबाचं लोणचं. तो उघडला, झाकणात वन्संना वाढलं, आणि खुर्ची त्यांच्या पडद्याजवळ ओढून घेतली.

"सावकाश होऊ द्या, जावईबापू," मी म्हटलं. "पहिल्यापासून घ्या."